टोळाची वाळू आणि आपली दळी

(तालुक्याच्या मेळाव्यात आपल्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बऱ्याच वाड्यांनी मागितलं म्हणून छापत आहोत. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही. वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



बायांनो, दादांनो, पुढं बसलेल्या आज्या-आजोबांनो. मला आज दळीच्या दाव्यांवर बोलायला सांगितलंय. ते मी बोलणारच आहे. पण सुरुवात एका नाकतोड्यापासून करणार आहे. हसू आलं तर हसा. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं.

नाकतोड्यावर का, ते आधी सांगते. आमच्या वाडीच्या दाव्याची सुनावणी होती. आम्ही वीस-बावीस जण गेलो होतो. सकाळी गेलो, दुपारी आत घेतलं. तिथले साहेब म्हणाले, "या डोंगरात वन्यप्राणी आहेत. तुम्ही राहिलात तर ते राहणार नाहीत. आम्ही कोणाचं ऐकायचं?" आमच्याकडं त्या वेळी उत्तर नव्हतं. परत येताना टेंपोत आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "हे प्राणीच आपले वैरी हायत. एकदा सगळे मारून टाकू, मग बघू कुणासाठी आपल्याला उठवतात." टेंपोतले सगळे गप्प झाले. कुणी त्याला ओरडलं नाही. कारण थोडा थोडा तो विचार सगळ्यांच्याच मनात होता. माझ्याही होता.

त्या पोराला उत्तर द्यायचं म्हणून मी शोधत होते, तेव्हा मला हा नाकतोडा सापडला.

हा इथला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया म्हणून राज्य आहे, त्यात सांताक्रूझ नावाचा जिल्हा आहे. मुंबईतलं सांताक्रूझ नव्हे. समुद्राकाठचाच जिल्हा, आपल्या रायगडासारखा, मागं डोंगर आणि डोंगरावर मोठं रान. त्या रानाच्या मधे मधे वाळूच्या टेकड्या आहेत. समुद्रापासून आत, डोंगरात, वाळू कुठून आली? तर लाखो वर्षांपूर्वी तिथं समुद्राचा तळ होता. तो वर उचलला गेला. अजून त्या वाळूत शार्क माशाचे दात सापडतात. त्या टेकड्यांना झायांटीच्या टेकड्या म्हणतात आणि तिथल्या टोळाला झायांटीचा टोळ म्हणतात.

केवढा असतो? नर दीड सेंटिमीटरच्या आसपास, मादी दोनच्या जरा वर. आपल्या बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. रंग वाळूसारखा, राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळसर पट्टे. बसला तर दिसत नाही. पाय पडायच्या आधी उडतो, माणसाच्या उंचीएवढं अंतर जातो, उडताना पंखांचा बारीक करकर आवाज करतो, पुन्हा वाळूवर बसतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. आपल्या पुळणीवर मर्यादवेलीच्या कडेनं चालताना असेच वाळूच्या रंगाचे टोळ पायापुढून उडतात. लहानपणी आपण सगळे त्यांच्या मागं धावलोय.

त्या टोळाला उघडी, तापलेली वाळू लागते. मधे मधे थोडं गवत, थोडी झुडपं, एखादं पाइनचं झाड. दाट रान त्याला चालत नाही, काळी माती चालत नाही. आणि तशी वाळू जगात तेवढ्याच टेकड्यांवर आहे. दुसरीकडं नेऊन सोडला तर जगणार नाही. शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं ते १९८४ साली. म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा जन्म झाला त्या सुमाराला. त्याआधीही तो होताच. फक्त कागदावर नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत येणार आहे तिच्याकडं.

आता त्या टेकड्यांचं काय झालं ऐका. ती वाळू चांगली, स्वच्छ. बांधकामाला लागते, काचेला लागते. म्हणून तिथं खाणी निघाल्या. टेकडीच्या टेकडी कापून नेली. राहिलेल्या जागेवर घरं, रस्ते झाले. टोळाची जागा तुकड्या-तुकड्यांची झाली. शेवटी १९९७ साली अमेरिकेच्या सरकारनं त्या टोळाला संकटात सापडलेला जीव म्हणून कायद्याच्या यादीत घेतलं. त्यांचा तो कायदा १९७३ चा आहे. मग २००१ साली त्याच्यासाठी १०,५६० एकर जागा नकाशावर आखली. कायद्याच्या भाषेत ती त्या टोळाच्या वसतिस्थानाची जागा. तिथं कुणाला टोळाला धक्का लागेल असं काम करायचं असेल तर आधी परवानगी काढायची, नुकसान कसं भरणार त्याचा आराखडा द्यायचा.

पेराएवढ्या नाकतोड्याला दहा हजार एकर. मी हे आमच्या आजीला सांगितलं. ती नाचणी पाखडत होती. हात थांबवला नि म्हणाली, "नाकतोड्याचा दावा मंजूर झाला म्हन की. त्यानं पुरावा कुठला दिला?"

आजी चेष्टेत बोलली, पण प्रश्न खरा आहे. आपण दहा वर्षं पुरावे देतोय. दळी आपल्या आजा-पणजाच्या वेळची. इंग्रजांच्या काळापासून डोंगरउतारावर नाचणी-वरी करायला दिलेली जमीन. कसली आपण, राबवली आपण, आणि कागद वनखात्याकडं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा वाटलं आता होईल. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा दाखवा म्हणाले. आपण दाखवतोय. जुनी पावती द्या, दंडाची पावती द्या, म्हाताऱ्या माणसाचा जबाब द्या. सगळं दिलं. तरी फाइल इकडून तिकडं फिरतेच आहे. टोळानं काहीच दिलं नाही, तर त्याला जागा.

पण थांबा. इथंच आपण चुकू शकतो, टेंपोतल्या त्या पोरासारखे. असं म्हणू नका की टोळाला मिळालं म्हणून आपल्याला मिळत नाही. टोळानं आपलं काही घेतलेलं नाही. वाळू कुणी नेली ते बघा.

आणि त्या टोळालाही सगळं मिळालं असं समजू नका. तिथं एक बँक आहे. पैशाची नव्हे, वाळूच्या जागेची. एक तुकडा टोळासाठी राखून ठेवलाय. दुसरीकडं कुणाला टोळाच्या वाळूवर घर बांधायचं असेल तर त्यानं बांधकामाच्या मापानं त्या बँकेत पैसे भरायचे. पैसे भरले की बांधायला मोकळा. आपल्याकडं धरणासाठी, खाणीसाठी जंगल तोडतात आणि म्हणतात पर्यायी वनीकरणाचे पैसे भरलेत, दुसरीकडं झाडं लावू. तसंच ते. इथलं करवंद गेलं, दुसऱ्या जिल्ह्यात रोपं लागली. टोळ काय चालत जाणार आहे का तिथं?

आता एक गोष्ट सांगते जी मला सगळ्यात जास्त लागली. त्या किनाऱ्यावर आधी कोण राहत होतं? आपल्यासारखे मूळचे लोक. त्यांना ओलोनी म्हणतात. शिकार करायचे, शिंपल्या गोळा करायचे, बिया गोळा करायचे. आणि ते रानात गवताला आग लावायचे, ठरवून, ठरलेल्या वेळी. त्यानं नवं गवत यायचं, बिया यायच्या, झाडोरा माजत नव्हता. मग स्पेनचे लोक आले. १७९१ साली सांताक्रूझला चर्चचं ठाणं बसवलं. मूळच्या लोकांना रानातून काढून त्या ठाण्यात ठेवलं, कामाला लावलं. रोगराईनं माणसं पटापट मेली. १७९३ साली तिथल्या गव्हर्नरनं हुकूम काढला की मूळच्या लोकांनी आगी लावायच्या नाहीत.

ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्या राबाला, दळीला इंग्रजांचे जंगल अधिकारी हेच म्हणत होते. हे लोक रान जाळतात, नासाडी करतात.

आणि आज त्या टोळाला धोका कशाकशाचा आहे त्याची यादी वाचली तर त्यात खाण आहे, घरं आहेत, आणि आणखी एक आहे: आगी बंद झाल्या म्हणून झाडोरा वाढला आणि उघडी वाळू झाकली जाते. माणसं काढली, आग बंद केली, आणि दोनशे वर्षांनी कळलं की उघडी जागा हवी होती. मी असं म्हणत नाही की कुठंही आग लावा. वणवा वेगळा आणि राब वेगळा, हे इथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मी एवढंच म्हणते की माणूस काढला की जीव वाचतो, हे खरं नाही. साहेबांना हे उत्तर द्यायला पाहिजे होतं.

त्या ठाण्यात कोंडलेल्या लोकांचे वंशज अजून आहेत. त्यांच्या एका टोळीचं नाव अमा मुत्सुन. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्यांना आदिवासी टोळी म्हणून मान्यता दिलेली नाही. म्हणजे सरकारी यादीत टोळ आहे, ते नाहीत. तरी ते लोक काय म्हणतात? टोळाला काढा म्हणत नाहीत. ते म्हणतात ही जमीन सांभाळणं आमचं काम आहे, आम्हाला ते करू द्या. त्यांनी संस्था काढली, पोरांना जुनी कामं शिकवतात, जमिनीवर परत जातात. आपल्यापेक्षा कमी हक्क असलेली माणसं हे करतात.

आता आपल्या रायगडाकडं येऊ.

आपल्याकडंही वाळूच आहे. किहीमचं नाव सगळ्यांना माहीत आहे. सलीम अली, ज्यांना पक्ष्यांचे मोठे अभ्यासक म्हणतात, ते नोकरी गेल्यावर १९३० च्या सुमाराला किहीमला येऊन राहिले होते. तिथं बसून त्यांनी सुगरणीचं घरटं बघितलं. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, हे रोज बघून लिहिलं. त्याच १९३० साली, २५ सप्टेंबरला, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात आपला नाग्या महादू कातकरी गोळीनं पडला. जंगलावरचा हक्क मागत होता. एकाच जिल्ह्यात, एकाच सुमाराला. एकाचं लिहिणं राहिलं. नाग्याला जे माहीत होतं ते कुणी लिहून घेतलं नाही.

त्याच किहीमच्या पुळणीवरून पुढं ट्रक भरून वाळू जायला लागली. २००४ साली सुमैरा अब्दुलअली तिथं वाळूचे ट्रक अडवायला गेल्या, त्यांना मारहाण झाली. २००६ साली त्यांच्या आवाज फाउंडेशननं मुंबई हायकोर्टात याचिका केली आणि २०१० साली कोर्टानं वाळू उपशावर बंदी आणली. पुळण गेली की काय होतं ते किनाऱ्याच्या लोकांना विचारा. वाळूचा उंचवटा पावसाचं गोडं पाणी धरून ठेवतो आणि लाट अडवतो. तो कापला की लाट आत येते, विहिरीचं पाणी मचूळ होतं. झायांटीच्या टेकड्याही तिथल्या गावांसाठी पाणी जिरवतात. टोळाचं नि माणसाचं पाणी एकच आहे.

पण वाळूच्या बंदीची दुसरी बाजू आपल्या घरात आहे, ती लपवून मी बोलणार नाही. माझा भाऊ खाडीत डुबीवर होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: होडीतून बांबू खाली रोवायचा, बादली घेऊन त्याला धरून तळाला जायचं, रेती भरायची, वर यायचं. दिवसात किती वेळा, त्याला मोज नाही. कान फुटला त्याचा. डाव्या कानानं आता ऐकू येत नाही. ज्याच्या होडीवर होता त्यानं औषधाचे पैसे दिले नाहीत, उलट ते उचलीत धरले. मग बंदी आली, काम बंद. उचल तशीच राहिली. ती फेडायला भाऊ-भावजय पोरांसकट वीटभट्टीवर गेले. पोरगी तिसरीत होती, तिची शाळा सुटली. आणि रात्री सक्शन पंप लावून रेती काढणारे काढतच होते.

म्हणून वाळू वाचवा म्हणणाऱ्यांना आपण एक विचारायचं: ती वाचवताना पहिली चूल कुणाची विझते? बंदी पाहिजे. पंप तर बंदच पाहिजेत. पण डुबीवाल्याला रोजगार हमीचं काम, त्याच्या नावावर दळी, त्याच्या पोरीला शाळा, हे त्याच दिवशी पाहिजे. नाहीतर वाळू वाचते आणि माणूस भट्टीत जातो.

आता कायद्याचं. नीट ऐका, हे साहेबांपुढं बोलायला लागणार आहे.

एक. वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये वन्यजीव, जंगल, पाण्याचे झरे राखायचा अधिकार आणि जबाबदारी ग्रामसभेची आणि हक्कदारांची आहे. म्हणजे आपण प्राण्यांचे वैरी नाही, कायद्यानंच आपण राखणदार आहोत.

दोन. अभयारण्यात सुद्धा हक्क आहेत. आपलं फणसाड आधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ साली अभयारण्य झालं. अशा ठिकाणी माणसांना हलवायचं असेल तर कलम ४ च्या दुसऱ्या पोटकलमात अटी आहेत. आधी सगळे दावे निकाली काढायचे. मग माणूस आणि प्राणी एकत्र राहूच शकत नाहीत हे सिद्ध करायचं. आणि ग्रामसभेची लेखी, मोकळ्या मनानं दिलेली संमती लागते. नुसतं "प्राणी आहेत" एवढं पुरत नाही.

तीन. हे फार थोड्या जणांना माहीत आहे. महाराष्ट्रात तीन आदिम जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये आदिम जमातींच्या वसतिस्थानाचा वेगळा हक्क लिहिलेला आहे. वसतिस्थान. टोळाला जो शब्द लावला तोच. एका कुटुंबाची दोन एकर नव्हे, तर जमातीचा जुना वावर आहे तो सगळा मुलूख. डोंगरावर कंद खणतो ते, मध काढतो ते, खाडीत चिंबोऱ्या धरतो ते, देव आहेत ते.

कुणी म्हणेल, खाडी कुठं जंगल आहे? तर हायकोर्टाच्या २००५ च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरचं कांदळवन संरक्षित वन म्हणून घ्यायला सुरुवात झाली. तिथं वनखात्याची पाटी लागली म्हणजे तिथं वनहक्क कायदाही लागतो. पाटी त्यांची, पण हक्क आपला मागायचा. पुळणीचं वेगळं आहे, ती बहुतेक वनजमीन नाही. पण किनारा नियमात वाळूचे उंचवटे सगळ्यात वरच्या संरक्षणात आहेत. तिथली रेती कुणी नेली तर ग्रामसभेनं ठराव करून कळवायचं.

आपली अडचण काय? कातकरी एका जागी सलग राहत नाही. दहा घरं इथं, पंधरा तिथं, दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत. वर्षातले सहा महिने भट्टीवर. नकाशा काढायचा तर कुठून कुठवर? इथंच मला टोळ उपयोगी पडला. टोळाचा नकाशा त्यानं स्वतः काढला नाही. शास्त्रज्ञ चालत गेले, कुठं दिसतो, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाळूत, ते लिहीत गेले. १९८४ च्या आधी तो कागदावर नव्हता म्हणून कुणी त्याला मोजत नव्हतं. आपणही कागदावर नाही. फरक एवढाच की आपण चालू शकतो आणि लिहूही शकतो.

म्हणून काम सांगते. प्रत्येक वाडीत एक वही करा. मोठी, दोनशे पानी. बारावी-दहावी झालेल्या पोरा-पोरींनी लिहायची, म्हाताऱ्यांनी सांगायची. कोणत्या डोंगराला काय म्हणतो. कोणता कंद कुठं, कोणत्या महिन्यात. चिंबोरी कोणत्या खाजणात, अमावस्येला की पुनवेला. शेकरू कुठं घरटं करतं. कोणते नाकतोडे पावसाआधी येतात, कोणते गवत वाळल्यावर. त्यांना आपल्या भाषेत काय म्हणतो तेच नाव लिहा, पुस्तकातलं शोधत बसू नका. पूर्वी काय होतं नि आता नाही, तेही लिहा. कुणी नेलं तेही लिहा.

मग त्या वहीतले म्हाताऱ्यांचे जबाब ग्रामसभेत वाचून, सही-अंगठे घेऊन दाव्याला जोडायचे. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा कायद्यात पुरावा आहे, हे विसरू नका. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानं पंचायतीत समिती आणि लोकांची नोंदवही करायला सांगितलीय. बऱ्याच ठिकाणी ती बाहेरचा माणूस ऑफिसात बसून भरतो. आपली वही आधी तयार असली तर त्याला म्हणू, ही घे, यातलं लिही, आणि खाली आमचं नाव घाल. एक सावधगिरी: औषधाची मुळी नेमकी कुठं मिळते ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहू नका. ते पान ग्रामसभेकडंच ठेवा.

शेवटचं. टेंपोतल्या त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक हाय, पण टोळ आपल्याला काय देनार?" मी म्हटलं, काही देणार नाही. साक्ष देईल. पुढच्या सुनावणीला साहेब म्हणतील इथं प्राणी आहेत, तेव्हा आपण म्हणू: हो, आहेत, हे बघा, कुठला कधी कुठं असतो ते आम्ही लिहून आणलंय. तुमच्या कागदात यातलं किती आहे? आम्ही एवढी वर्षं इथं राहूनही ते आहेत, हाच आमचा पुरावा.

आता तो पोरगाच आमच्या वाडीची वही लिहितो. पहिल्या पानावर त्यानं नाकतोड्याचं चित्र काढलंय. आजीनं त्याला आतापर्यंत अकरा कंदांची नावं सांगितलीत, आणि अजून सांगतेय.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येक वाडीनं आपली वही घेऊन यायचं. ज्यांना लिहायला कुणी नाही त्यांनी संघटनेला कळवा, आम्ही येऊ.

दळी आमच्या हक्काची. नाग्या कातकरी अमर रहे. जिंदाबाद.